विश्लेषण : ‘दम लागतो’ एवढेच सांगणे पुरेसे का नाही? डॉक्टर काय विचारतात आणि का?

जिल्हा रुग्णालयातील मेडिसिन ओपीडी. रांगेत एकामागे एक तिघे जण आहेत. पहिले एसटीतून निवृत्त झालेले ६२ वर्षांचे गृहस्थ, दुसरी सहा महिन्यांची गरोदर असलेली २७ वर्षांची विवाहिता आणि तिसरा उंच, किडकिडीत असा १९ वर्षांचा विद्यार्थी. तिघांच्याही केसपेपरवर तक्रार एकच : दम लागतो. ही माणसे येथे नमुन्यादाखल घेतली आहेत, पण कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात सोमवारी सकाळी अशी रांग सापडते. यांतील एकाच्या हृदयाची ताकद कमी झाली आहे, एकीच्या हृदयाची झडप अरुंद आहे आणि एकाच्या फुप्फुसाभोवती हवा शिरल्याने ते आकसले आहे. दमा तिघांपैकी कोणालाच नाही. तरीही पहिल्या दोघांच्या पिशवीत दम्याचा पंप आहे.

या तिघांना वेगळे कसे ओळखायचे? एक्स-रे, ईसीजी, इको हे सगळे नंतर येते. त्याआधी येतात प्रश्न. रुग्णाची हकीकत विचारून घेण्याच्या या कामाला डॉक्टर ‘हिस्टरी घेणे’ म्हणतात. धाप लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही हिस्टरी नीट घेतली गेली नाही, तर महिनोन् महिने चुकीचे औषध चालू राहू शकते. कोणते प्रश्न विचारले जातात, त्यामागे काय तर्क असतो आणि रुग्णाने व नातेवाईकांनी काय सांगायला हवे, याचा हा आढावा.

‘दम लागणे’ हा आजार की लक्षण?

लक्षण. श्वासाची यंत्रणा ही एक साखळी आहे. हवा श्वासनलिकांतून आत गेली पाहिजे, फुप्फुसातील सूक्ष्म फुग्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात उतरला पाहिजे, रक्तात तो वाहून नेण्यासाठी पुरेसे हिमोग्लोबिन पाहिजे आणि ते रक्त हृदयाने शरीरभर ढकलले पाहिजे. हे सगळे चालवणारे स्नायू आणि मेंदूचे नियंत्रण वेगळेच. यातील कोणतीही कडी कमकुवत झाली की मेंदूपर्यंत पोहोचणारी तक्रार साधारण सारखीच असते : श्वास पुरत नाही. कोणती कडी बिघडली, हे मेंदू सांगत नाही. त्यामुळे दमा, सीओपीडी, न्यूमोनिया, हृदय कमकुवत होणे, रक्ताची कमतरता, फुप्फुसाभोवती क्षयरोगाचे पाणी साठणे, मूत्रपिंड निकामी होणे, इतकेच काय नुसते वाढलेले वजन, या सगळ्यांत रुग्ण तोच शब्द वापरतो.

मराठीत यात आणखी एक गोंधळ आहे. ‘दम’ आणि ‘दमा’ हे शब्द इतके जवळचे आहेत की ‘मला दमा आहे’ असे सांगणाऱ्या अनेकांना फक्त ‘मला दम लागतो’ असे म्हणायचे असते. कोणी तरी एकदा पंप लिहून दिला, की घरात, गावात आणि पुढच्या प्रत्येक केसपेपरवर ‘दमा’ हीच ओळख होऊन बसते. म्हणून अनुभवी डॉक्टर पुढचा प्रश्न विचारतात, ‘दमा आहे हे कोणी सांगितले? फुंकर मारायची तपासणी झाली होती का?’ ही फुंकर मारायची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. तिचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे येते.

रुग्णाचे शब्दही कामाचे असतात. छाती आवळल्यासारखी वाटते, सूं-सूं आवाज येतो, असे दम्याचे रुग्ण सांगतात. हृदय कमकुवत झालेल्यांना गुदमरल्यासारखे, पाण्यात बुडाल्यासारखे वाटते. ‘श्वास आत घेता येतो, पण सोडायला जोर लावावा लागतो’ हे वाक्य अरुंद झालेल्या श्वासनलिकांकडे बोट दाखवते. अर्थात शब्दांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पण केसपेपरवर या सगळ्याचे एकच इंग्रजी भाषांतर होते आणि फरक तिथेच पुसला जातो. ‘घाबरल्यासारखं होतं’ हा तर खास मराठी घोळ. ग्रामीण भागातील रुग्ण, विशेषतः महिला, छातीत धडधड होणे, जीव कासावीस होणे, श्वास अपुरा पडणे या सगळ्यासाठी हा एकच शब्दप्रयोग वापरतात. परप्रांतातून आलेल्या निवासी डॉक्टरने त्याचा शब्दशः अर्थ घेतला, तर हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या बाईंच्या कागदावर ‘चिंता’ असे निदान चढू शकते.

इतक्या तपासण्या उपलब्ध असताना प्रश्न कशाला?

याचे एक जुने, पण अजूनही उद्धृत केले जाणारे उत्तर ब्रिटनमधून आले. १९७५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाह्यरुग्ण विभागातील ८० नव्या रुग्णांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ६६ जणांचे अंतिम निदान हे केवळ हकीकत ऐकून झालेल्या निदानाशी जुळले. शारीरिक तपासणीमुळे सात जणांचे आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांमुळे आणखी सात जणांचे निदान बदलले. तेव्हा आजच्यासारखी यंत्रे नव्हती आणि रुग्णसंख्या लहान होती, हे मान्य. धाप लागण्याच्या बाबतीत हे काम अधिक अवघडही आहे. दीर्घकाळ धाप लागणाऱ्या रुग्णांवरील १९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांचा पहिला अंदाज सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत बरोबर निघाला. म्हणजे तिघांपैकी एकाच्या बाबतीत चुकला.

तरीही प्रश्न टाळता येत नाहीत, कारण कोणती तपासणी करायची हेच मुळात प्रश्नांवरून ठरते. तालुक्याच्या ठिकाणी इको लगेच होईलच असे नाही. कोणाला आज जिल्ह्याला पाठवायचे आणि कोणाला आठ दिवसांनी बोलवायचे, हा निर्णय तिथला डॉक्टर दोन-चार उत्तरांवर घेत असतो. शिवाय तक्रार किरकोळ प्रमाणात येत नाही. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातील ८८० शहरे-गावांतील डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद करण्यात आली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाशी संबंधित काही ना काही तक्रार होती.

कधीपासून? आणि कसा सुरू झाला?

हा पहिला आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. रांगेतील विद्यार्थ्याचे उत्तर स्पष्ट आहे : ‘आज सकाळी सातला, दात घासताना. उजव्या बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि तेव्हापासून श्वास पूर्ण घेता येत नाही.’ उंच, सडपातळ तरुणांत फुप्फुसाच्या टोकाशी असलेला बारीक फुगा फुटून छातीच्या पोकळीत हवा शिरण्याचा प्रकार होतो. वेळ, जागा आणि बांधा एवढ्या तीन गोष्टींवरून डॉक्टर त्याला रांगेतून काढून थेट एक्स-रेला पाठवू शकतात. त्याच्या केसपेपरवर फक्त ‘दम लागतो’ एवढेच राहिले असते, तर तो तासभर बाकावर बसून राहिला असता.

काही क्षणांत किंवा मिनिटांत सुरू झालेली धाप म्हणजे फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, फुटलेले फुप्फुस किंवा श्वासनलिकेत अडकलेली वस्तू असू शकते. दोन-तीन वर्षांचे मूल अचानक खोकायला आणि धापा टाकायला लागले, तर ‘त्याआधी ते काय खात होते?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शेंगदाणा हे आपल्याकडचे नेहमीचे उत्तर. ठसका थांबला म्हणून पालक निर्धास्त होतात आणि पुढे आठवडाभर न्यूमोनिया म्हणून औषधे चालतात, असेही होते. गुठळीचा संशय असेल, तर प्रश्न वेगळे असतात : नुकतेच ऑपरेशन झाले का, पायाला प्लास्टर होते का, बरेच दिवस अंथरुणावर होता का, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का.

तास-दोन तास ते काही दिवसांत वाढलेली धाप दमा, न्यूमोनिया किंवा हृदयाकडे नेते. आठवड्यांत वाढलेली असेल, तर रक्त कमी होणे किंवा छातीत पाणी होणे. महिने आणि वर्षे घेतलेली असेल, तर सीओपीडी किंवा फुप्फुस कडक होत जाण्याचे आजार.

अडचण अशी, की रुग्ण बहुतेक वेळा ‘चार दिवस झाले’ असेच सांगतो. चार दिवस हे त्रास असह्य झाल्याचे असतात, सुरू झाल्याचे नव्हेत. म्हणून प्रश्न उलटा विचारावा लागतो : ‘अगदी ठणठणीत शेवटचे कधी होता?’ त्यालाही तारीख मिळत नाही. मग गणपती, दिवाळी, पेरणी, लेकीचे लग्न असे सण-प्रसंग धरून मागे जावे लागते. ‘गेल्या आषाढीला वारीत चालला होता का?’ या एका प्रश्नाने चार दिवसांचे अकरा महिने होतात.

त्रास किती, हे मोजायचे कसे?

यासाठी डॉक्टरांकडे एक साधी पट्टी आहे. ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रश्नावलीवरून ती तयार झाली आणि तिच्या सुधारित आवृत्तीत शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. फक्त जोरदार व्यायामाने धाप लागत असेल तर शून्य. घाईने चालताना किंवा चढ चढताना लागली तर एक. बरोबरीच्या माणसांपेक्षा सपाट रस्त्यावर हळू चालावे लागते किंवा आपल्याच चालीने चालतानाही थांबावे लागते, तर दोन. शंभरेक मीटर किंवा काही मिनिटे चालल्यावर थांबावे लागते तर तीन. घराबाहेर पडता येत नाही, कपडे बदलतानाही धाप लागते, तर चार. हृदयरोगतज्ज्ञ वापरतात ती न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची वर्गवारीही साधारण याच धर्तीची, रोजच्या कामावर आधारलेली आहे.

पट्टी सोपी आहे, उत्तर मिळवणे सोपे नाही. कारण माणूस त्रासाशी जुळवून घेतो. जिने चढवेनात म्हणून तळमजल्यावर झोपायला लागतो, बाजारात जाणे मुलावर सोपवतो, शेतावर जाणे बंद करतो आणि मग डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगतो, ‘चालताना काही त्रास नाही.’ नाहीच, कारण तो चालतच नाही. म्हणून ‘धाप लागते का?’ यापेक्षा ‘वर्षभरात कोणते काम करायचे सोडले?’ हा प्रश्न जास्त कामाचा. आणि याचे उत्तर अनेकदा रुग्णाकडे नसते, शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे किंवा सुनेकडे असते. ‘अहो, दूध आणायला जाणं बंद केलंय यांनी दसऱ्यापासून,’ हे वाक्य एका तपासणीच्या तोडीचे असते.

महिलांबाबत तर चालण्याचे अंतर विचारण्यात फारसा अर्थ नाही. पाण्याची कळशी, पीठ मळणे, केर काढणे, दोरीवर ओले कपडे टाकणे यांत श्वास पुरतो का, असे विचारले की उत्तर पटकन येते. खाली वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागणे हे हृदय कमकुवत असल्याचे एक लक्षण असू शकते, याकडे २०१४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लक्ष वेधले. तिकडे त्यासाठी बुटाच्या नाडीचा दाखला देतात. इकडे फरशी पुसणे आहे.

रात्री किती उशा घेता, असे का विचारतात?

रांगेतील निवृत्त गृहस्थांचे उत्तर इथे दडलेले आहे. झोप लागल्यावर दोन-एक तासांनी ते दचकून उठतात, खिडकी उघडून तिथेच बसतात, पंधरा-वीस मिनिटांनी बरे वाटते आणि मग पुन्हा आडवे व्हायची भीती वाटते. आडवे झाल्यावर पायांत आणि पोटात साठलेले रक्त छातीकडे परत येते. ताकद कमी झालेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, फुप्फुसांत दाब वाढतो आणि गुदमरायला होते. बसल्यावर भार कमी होतो. एक उशी, मग दोन, मग भिंतीला टेकून, मग खुर्चीत, असा प्रवास महिनाभरात झाला असेल, तर तो ऐकणाऱ्याला हृदयाकडे वळायला लावतो.

या गृहस्थांना पंप का मिळाला? कारण फुप्फुसांत पाणी उतरल्यावर श्वासनलिकाही आवळतात आणि छातीत घरघर ऐकू येते. याला ‘कार्डियाक अस्थमा’ असेच नाव आहे. पंपाने थोडे बरेही वाटते आणि तिथेच फसगत होते. दम्याच्या रुग्णालाही रात्री, बहुधा पहाटे, त्रास होतो. पण त्याच्याकडे सहसा मागची कहाणी असते : लहानपणापासून सर्दी-शिंका, धूळ, थंडी किंवा धुराने सुरू होणारा त्रास, घरात कोणाला तरी दमा, आणि दोन त्रासांच्या मधल्या काळात अगदी ठीक. साठीनंतर पहिल्यांदाच ‘दमा’ झाला असे कळले, तर आधी हृदय पाहिले पाहिजे. सीओपीडीचा रुग्णही रात्री उठतो, पण खोकून बेडका पडला की त्याला मोकळे वाटते.

म्हणूनच पुढचे प्रश्न जोडून येतात : संध्याकाळी पाय सुजतात का, मोज्याची खूण राहते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, पूर्वी छातीत दुखले होते का. मधुमेह असलेल्यांत आणि वयस्करांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसत्या धापेने येऊ शकतो. ‘गॅस झाला होता, सोडा घेतल्यावर बरं वाटलं’ हे वाक्य म्हणून हसण्यावारी नेण्यासारखे नसते.

घर आणि काम यांचा श्वासाशी काय संबंध?

इथे प्रश्न विचारण्याची पद्धतच उत्तर ठरवते. ‘स्वयंपाक कशावर करता?’ असे विचारले, तर ‘गॅसवर’ असे उत्तर येते. ते खरेही असते. पण आंघोळीचे पाणी अजून चुलीवर किंवा बंबात तापते, भाकरी चुलीवरच्याच आवडतात आणि गॅस येण्याआधीची तीस वर्षे धुरातच गेली, हे त्या उत्तरात येत नाही. विडी-सिगारेटला हात न लावलेल्या बाईंना सीओपीडी होतो तो याच धुराने. भारतात २०१६ मध्ये सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासात मांडण्यात आला होता. दम्याचे त्याहून कमी, पावणेचार कोटींच्या आसपास.

विडी-सिगारेटचेही तसेच. ‘ओढता का?’ याला ‘नाही, सोडली’ हे उत्तर ठरलेले. कधी सोडली, हे विचारल्यावर कधी कधी ‘कालपासून’ असे कळते. आणि मुलासमोर वडील, सासूसमोर सून व्यसनाबद्दल खरे बोलेल ही अपेक्षा चुकीची आहे. त्यासाठी नातेवाईकांना दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगावे लागते. पूर्वी झालेला क्षयरोगही असाच लपवला जातो, कारण घरात लग्नाची मुले-मुली असतात. प्रत्यक्षात बरा झालेला क्षयरोग फुप्फुसात कायमचे व्रण ठेवून गेला असेल, तर पुढच्या आयुष्यातील धापेचे कारण तेच असू शकते.

‘पक्षी पाळता का?’ याचे उत्तर मुंबई-पुण्यातील फ्लॅटमध्ये ‘नाही’ असेच येईल. मात्र एसीच्या डबड्यामागे कबुतरांची वीण असते आणि आजोबा रोज सकाळी दाणे टाकायला जात असतात. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून वाद पेटला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा या आजाराचे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील कणांची काहींच्या फुप्फुसाला तीव्र प्रतिक्रिया होते. कोरडा खोकला आणि वाढत जाणारी धाप एवढेच दिसते. वेळीच संपर्क तुटला तर नुकसान थांबू शकते, व्रण पडले तर ते भरून येत नाहीत. म्हणजे या आजारात एक प्रश्न न विचारण्याची किंमत काही वर्षांचा श्वास आहे.

कामाचे ठिकाणही असेच खोदून विचारावे लागते. ‘शेतकरी’ किंवा ‘कामगार’ हे उत्तर पुरेसे नाही. खडी क्रशरवर होता की साखर कारखान्यात बुरशी आलेल्या बगॅसजवळ, यंत्रमागावर होता की कापसाच्या जिनिंगमध्ये? कापसाच्या धुळीच्या आजाराची एक ओळख पाठ्यपुस्तकांत ‘सोमवारचा त्रास’ अशी दिलेली असते : सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती भरून येते आणि आठवड्याच्या शेवटी कमी वाटते. आपल्याकडे आठवडी सुट्टी गावागणिक वेगळ्या वारी असते, त्यामुळे सोमवार न विचारता ‘सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कसे वाटते?’ असे विचारलेले बरे.

महिलांच्या धापेकडे दुर्लक्ष होते का?

होते. आणि रांगेतील विवाहिता त्याचे उदाहरण आहे. तिला दोन वर्षांपासून जिना चढताना धाप लागते, खोकला येतो, म्हणून पंप चालू झाला. आता सहाव्या महिन्यात त्रास वाढला, तर घरचे म्हणतात, ‘पोट वाढलं की व्हायचंच.’ यात तथ्यही आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे श्वास वाढतो आणि निम्म्याहून अधिक गर्भवतींना कधी ना कधी दम लागल्यासारखे वाटते. पण तिला आडवे झोपवत नाही, धडधड होते आणि एकदा थुंकीत रक्ताची रेघ दिसली. या तीन गोष्टी सहज विचारल्या जात नाहीत आणि ती आपणहून सांगत नाही.

मग मागचा प्रश्न येतो : ‘लहानपणी सांधे सुजले होते का? आधी गुडघा, मग घोटा, असे?’ आई सोबत असेल तर तिला आठवते. घसा दुखून ताप आला होता, सांधे धरले होते, गावच्या डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी कमरेत इंजेक्शन द्यायला सांगितले होते, दोन वर्षांनी बंद केले. हा संधिवाताचा ताप. त्यात हृदयाची डाव्या बाजूची झडप हळूहळू अरुंद होत जाते. वर्षानुवर्षे काही कळत नाही. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, ठोके वाढतात, आणि अरुंद झडपेतून ते रक्त पुढे जाऊ शकत नाही. प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतरच्या तासांत धोका सर्वाधिक असतो. सहाव्या महिन्यात कळले तर औषधे, गरज पडल्यास फुग्याने झडप रुंद करणे, प्रसूती कुठे करायची याचे नियोजन हे सगळे शक्य असते. प्रसूतिगृहात कळले तर हाताशी वेळ नसतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नव्याने लागलेली धापही ‘ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा आला’ म्हणून सोडू नये, कारण याच काळात हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा एक आजार उद्भवतो.

दुसरे कारण अधिक सर्रास आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. मात्र धाप लागते म्हणून आलेल्या बाईंना पाळी किती दिवस जाते, किती कपडे बदलावे लागतात, हे विचारायला पुरुष डॉक्टर संकोचतात आणि सांगायला बायका. पुरुषांत हाच प्रश्न काळसर शौचाबद्दल आणि मूळव्याधीबद्दल असतो.

घरचा ऑक्सिमीटर इथे दिशाभूल करतो. कोविडनंतर तो घराघरांत पोहोचला. बोटाला लावला, ९८ आले, म्हणजे सगळे ठीक, असा समज झाला. पण ते यंत्र रक्तात आहे तेवढ्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के प्राणवायूने भरलेले आहे, एवढेच सांगते. हिमोग्लोबिनच निम्मे असेल तरी आकडा ९८ येतो. दहापैकी पाचच गाड्या रस्त्यावर आहेत, पण त्या पाचही भरलेल्या आहेत, असा तो प्रकार. उलट बाजूही कोविडमध्ये दिसली. प्राणवायूची पातळी घसरलेली असताना काही रुग्ण निवांत फोनवर बोलत होते. त्यांना दमच लागत नव्हता. तेव्हा हकीकतीला यंत्राची जोड लागते, हेही तितकेच खरे.

औषधांची पिशवी का मागतात?

कारण धाप औषधानेही लागू शकते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळतात, काही वेदनाशामकांनी काहींचा दमा उसळतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही हे करू शकतात. डोळ्याच्या औषधाचा छातीशी संबंध असेल, असे कोणाला वाटणार? म्हणून ते सांगितलेच जात नाही. मात्र संशय आला तरी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. पंप चालू असेल, तर तो सोबत न्यावा आणि कसा घेता ते डॉक्टरांसमोर करून दाखवावे. अनेकदा औषध बरोबर असते, घेण्याची पद्धत चुकलेली असते.

एवढे विचारायला वेळ कुठे आहे?

खरा पेच इथे आहे. ६७ देशांतील माहिती एकत्र करून २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या अहवालात प्राथमिक आरोग्यसेवेतील एका भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये २२.५ मिनिटे, तर भारतात दोन मिनिटांच्या आसपास दिसला. दोन मिनिटांत वरचे निम्मे प्रश्नही बसत नाहीत. पण वेळ भरपूर असला की डॉक्टर ऐकून घेतात, असेही नाही. १९८४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात ७४ भेटी ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. रुग्णाला आपले म्हणणे पूर्ण मांडता आले ते फक्त १७ भेटींत. बोलणे सुरू झाल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी ते तोडले होते.

आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा स्वतंत्र विषय म्हणून आला. वर्गात शिकलेली ती पिढी आता ओपीडीत बसू लागली आहे, पण समोरची रांग तेवढीच आहे. त्यामुळे निदान सध्या तरी थोडी तयारी रुग्णाच्या बाजूने होणे व्यवहार्य आहे.

प्रश्न बाजूला ठेवून धावायचे कधी?

बसून असतानाही एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ किंवा नखे निळसर झाली, माणूस गुंगीत जातो किंवा असंबद्ध बोलतो, धापेसोबत छातीत दुखून घाम फुटला, थुंकीतून रक्त पडले, लहान मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जातात, किंवा काही खाल्ल्यावर वा माशी चावल्यावर तोंड सुजून धाप लागली, तर कहाणी सांगत बसू नये. १०८ ला फोन करावा. रुग्णाला बळेच आडवे करू नये, बसते ठेवावे. रुग्णालयात आधी प्राणवायू आणि उपचार सुरू होतात. तेव्हा नातेवाईकाने तीनच गोष्टी सांगाव्यात : किती वाजता सुरू झाले, आधीचे आजार कोणते, कोणती औषधे चालू आहेत.

एरवी ओपीडीला जाताना सोबत काय न्यावे?

जुने केसपेपर, ईसीजीच्या पट्ट्या, एक्स-रे आणि औषधांची रिकामी पाकिटेसुद्धा. एका कागदावर चार ओळी : शेवटचे ठणठणीत कधी होतो, कोणते काम सुटले, रात्री कसे झोपतो, आजवर कुठे कुठे काम केले. आणि शक्य असल्यास रोज सोबत राहणारे माणूस. शहरात राहणारा मुलगा सुट्टी काढून वडिलांना घेऊन येतो, डॉक्टरांशी इंग्रजीत नीट बोलतो, पण वडील रात्री दोनला उठून खिडकीशी बसतात हे त्याला माहीत नसते. आईला माहीत असते आणि ती बाहेर बाकावर बसलेली असते.

रात्रीचा त्रास दिवसा ओपीडीत दाखवता येत नाही. त्यासाठी अलीकडे अनेक डॉक्टर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून आणायला सांगतात. त्यात चेहऱ्यापेक्षा छाती आणि पोट दिसेल, श्वासाचा आवाज ऐकू येईल आणि घड्याळातील वेळ कळेल असे पाहावे. पंखा आणि टीव्ही तेवढा बंद करावा.